पाहुणीला कोणता भारत दाखवायचा?

हिवाळा लागला की श्रीलंका, थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम या देशांतून बौद्ध यात्रेकरूंचे जथे भारतात उतरू लागतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, नेपाळच्या हद्दीतील लुंबिनी आणि वेळ उरलाच तर सांची, असा त्यांचा ठरलेला मार्ग. श्रीलंकेचे लोक या यात्रेला 'दंबदिव वंदना' म्हणतात. दंबदिव म्हणजे आपले जंबुद्वीप. पांढरी वस्त्रे नेसलेली ही माणसे दिवसचे दिवस बसगाडीतून हिंडतात, उत्खननात निघालेल्या विटांपुढे माथा टेकतात आणि मायदेशी परततात. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो जिवंत माणसांनी तथागताचा धम्म स्वीकारला, ते नागपूर सहसा या मार्गावर नसते. बुद्धाच्या देशात यायचे आणि एकाही भारतीय बौद्धाच्या घरचे पाणी न पिता परत जायचे, अशी ही यात्रा! यात त्यांचा दोष थोडा आहे. आपला अधिक आहे.

हे लिहायला निमित्त घडले ते माझ्या एका मैत्रिणीचे. ती श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची, सिंहली बौद्ध, व्यवसायाने वकील. तिचे नाव येथे लिहीत नाही. ती ज्या प्रकारचे खटले लढवते त्यामुळे ते न लिहिलेलेच बरे. २००४ साली काठमांडूला एका प्रशिक्षण शिबिरात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. दोघी नुकत्याच सनद घेतलेल्या, दोघींच्या पिशव्यांत पुस्तके जास्त आणि कपडे कमी. तेव्हापासून वीस वर्षे पत्रे, फोन, भांडणे, सगळे झाले. फक्त ती भारतात कधी आली नाही. तिच्याकडे युद्ध होते, मग युद्धानंतरचे खटले होते, मग आईचे आजारपण. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरात तिने गावच्या यात्रेकरूंसोबत दंबदिव वंदनेचे तिकीट काढले आणि जथ्याला गयेत गाठण्याआधीचे सहा दिवस माझ्यासाठी राखून ठेवले. कार्यक्रमाचा छापील कागद तिने पाठवला, त्यात नागपूरचे नाव नव्हते. तिने पेनने वर लिहिले होते.

सहा दिवसांत काय दाखवायचे? बार रूममध्ये विषय काढला, तर एक ज्येष्ठ वकील म्हणाले ताजमहाल. भावाने ताडोब्याचा वाघ सुचवला. एका कार्यकर्त्याने अजिंठ्याची गाडी ठरवूनच टाकली होती, ती रद्द करायला मला बरेच बोलावे लागले. अजिंठा मोलाचा आहे, यात वाद नाही. पण लेणी कोरणारे हात गेले, त्या भिक्खूंची परंपराही येथून पुसली गेली. मला पाहुणीला दाखवायची होती ती माणसे, ज्यांनी ती परंपरा विसाव्या शतकात पुन्हा उभी केली.

चेन्नईहून ती रेल्वेने आली. अंगावर पांढरी साडी, कारण यात्रेचा नेम घरातून निघतानाच सुरू होतो. माझी आई स्टेशनवर आली होती. तिने पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि मला म्हणाली, "हे तं आपल्यासारखीच निंगाली व! दीक्षेच्या वक्ती तुह्या आजीनं बी अशीच पांढरी नेसली होती." मी भाषांतर केले. मैत्रीण वाकून आईच्या पाया पडू लागली, तर आईने तिला मधेच धरले आणि "जयभीम" म्हणाली. श्रीलंकेत वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे ही रोजची रीत आहे. माझ्या आईने मात्र दीक्षेनंतरच्या घरात वाढताना कोणापुढे वाकायचे नाही, एवढेच शिकलेले. स्टेशनच्या दारातच दोन बौद्ध देश समोरासमोर उभे राहिले होते, असे म्हटले तरी चालेल. दोघींच्या बोटांवर मतदानाची शाई होती हेही मला तिथेच दिसले. तिने १४ नोव्हेंबरला तिच्या संसदेसाठी मत दिले होते, आईने २० तारखेला आपल्या विधानसभेसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमी. शेओदान मल यांनी आराखडा केलेला तो १२० फूट व्यासाचा घुमट, १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालेले उद्घाटन, ही माहिती मी सवयीने सांगत होते आणि ती सवयीने ऐकत होती. ती थबकली बोधिवृक्षापाशी. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणून येथे लावल्या, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक आहे. पंजाबात जन्मलेल्या भदंतांनी प्रव्रज्या घेतली ती श्रीलंकेत, १९२८ साली, आणि बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'चा हिंदी अनुवाद केला तोही त्यांनीच. हे ऐकल्यावर मैत्रीण काही बोलली नाही. तिने पाण्याचे भांडे मागितले.

श्रीलंकेत बोधिपूजा म्हणजे झाडाभोवती फिरून मुळाशी पाणी घालायचे, हात जोडायचे, गाथा म्हणायच्या. ती तसे करू लागली तशी आजूबाजूला चार माणसे जमली. उमरेडकडून आलेले एक वृद्ध गृहस्थ होते, पांढरा सदरा, टोपी नाही. त्यांनी मला बाजूला घेतले. "ताई, झाडाले पाणी घालनं ठीक हाये. पन हात काहून जोडते ते? हे झाडं-दगडं पुजनं बाबासाहेबांनं सोडाले लावलं ना आपल्याले."

आता मी काय करावे? मनातून मी त्या गृहस्थांच्या बाजूने आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात मी वाढले. मी त्यांचे म्हणणे जसेच्या तसे मैत्रिणीला सांगितले. ती खाली बसली, त्यांनाही बसायला सांगितले, आणि समजावू लागली. अशोकाची लेक संघमित्रा बोधगयेहून फांदी घेऊन आमच्या बेटावर आली, सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी. तेव्हापासून आमच्या लोकांनी ती राखली. राजे गेले, परकीय आले, राजधानी ओसाड पडली, जंगल वाढले, तरी झाडाची राखण कोणी सोडली नाही. गयेचे मूळ झाड टिकले नाही, आमचे टिकले. म्हणून आम्ही हात जोडतो.

गृहस्थांनी विचार केला. मग म्हणाले, "म्हंजे हा सातबारा होय आपला!" आणि भांडे भरून आणायला स्वतः उठले.

सातबारा! वकिली करून वीस वर्षे झाली, पण वारसाहक्काची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही निकालपत्रात वाचली नाही. इंग्रजीत तिला सातबारा म्हणजे काय ते सांगताना माझी पुरती दमछाक झाली. जमिनीचा उतारा, कोणाच्या नावावर आहे, कोण कसते, हे सगळे सांगावे लागले. तिने वहीत सिंहलीत लिहून घेतले.

बावीस प्रतिज्ञांपाशी मात्र प्रसंग अवघड झाला. मी एकेक वाचून अर्थ सांगत गेले. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याच्या पहिल्या प्रतिज्ञेलाच ती गप्प झाली. तिच्या गावच्या विहाराच्या आवारात बुद्धमूर्तीपासून हाकेच्या अंतरावर विष्णूचे देऊळ आहे. तिथे अनेक विहारांत असे असते, कातरगामाच्या देवाचेही स्थान असते, आणि बुद्धवंदना आटोपून लोक तिकडे नवस बोलायला वळतात. "आम्ही कधी कोणाला विचारलेच नाही, की हे इथे कसे?" ती म्हणाली. मी काही बोलले नाही. पाहुण्याला घरी बोलावून लाजवायचे नसते. पण जे बौद्ध देश आपल्याला 'नवे' म्हणून खालच्या पायरीवर बसवतात, त्यांनी ही पहिली प्रतिज्ञा एकदा आपल्या भाषेत वाचावी, असे मला आजही वाटते.

तिला खोदकामाच्या खुणांबद्दलही कुतूहल होते. त्याच वर्षी १ जुलैला भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध समाज दीक्षाभूमीवर उतरला आणि शासनाला कामास स्थगिती द्यावी लागली, हे सांगितल्यावर तिने विचारले, भिक्खूंनी बोलावले होते का लोकांना? मी म्हटले, नाही, लोक आपणहून आले. तिच्या देशात लोकांना रस्त्यावर आणायला पिवळे चीवर पुढे लागते. येथे नोकरदार, रिक्षावाले, महाविद्यालयाची पोरे, भाजी विकणाऱ्या बाया आल्या होत्या. हे तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळी आईने ५६ ची गोष्ट सांगितली. आई तेव्हा चार वर्षांची. उमरेड तालुक्यातल्या गावाहून आजोबा-आजी निघाले, बरेचसे पायी, आई आजोबांच्या खांद्यावर. तिला आठवतो तो फक्त धुरळा, आणि सगळीकडे पांढरे पांढरे. पुढचे तिने आजीकडून ऐकलेले. परत आल्यावर आजीने घरातले देव टोपल्यात भरले, नदीवर नेले. टोपले रिकामे करून घरी आणले आणि त्यात कांदे ठेवले. "कांदे?" मैत्रिणीने विचारले. "मंग! टोपलं चांगलं होतं ना," आई म्हणाली. त्या रात्री सांबारवडी होती. पाहुणीला वाटले दक्षिणेकडचे सांबार मिळणार. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळल्यावर ती बराच वेळ हसत होती आणि वड्या मात्र सात खाल्ल्या.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना असते. पत्र्याचे छप्पर, वर्गणीतून आणलेली मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मागे मुलांची अभ्यासिका. तिथे तिला बसवले. त्रिशरण सुरू झाले आणि ती आमच्याबरोबर म्हणू लागली. चाल वेगळी, उच्चारांना सिंहली वळण, पण शब्द तेच. ते पंचशीलाला 'पन्सिल' म्हणतात. बायका वळून वळून पाहत होत्या. हजारो मैलांवरची जपानी पाहुणी आली तरी एवढे अप्रूप वाटले नसते. ही दिसायला आपली, नेसायला आपली, आणि पाली आपल्याहून सफाईने म्हणते! वंदना संपल्यावर तिने फोटोकडे बोट करून विचारले, मूर्तीशेजारी माणसाचा फोटो का? उत्तर माझ्याआधी सातवीतल्या एका मुलीने दिले. "त्यांनी सांगितलं म्हणून तर आम्हाला बुद्ध कळले." मी भाषांतर केले, त्यावर तिने प्रश्न पुढे नेला नाही.

प्रश्न विचारला तो स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने, आणि त्याच्या आवाजात हेवा होता. "मॅडम, तुमच्या देशात बौद्धांचं राज्य आहे. घटनेत बौद्ध धर्माला पहिलं स्थान आहे. दर पौर्णिमेला सुटी असते. तुम्हाला कोणी खाली बघायला लावत नाही. किती छान!"

त्याची माहिती बरोबर होती. श्रीलंकेच्या १९७८ च्या संविधानाच्या नवव्या अनुच्छेदाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आहे, १९७२ च्या संविधानातही ते होते. पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, तिथे सार्वजनिक सुटी असते. मैत्रीण म्हणाली, "माझ्याकडे येणाऱ्या अशिलांत निम्म्या तमिळ आया आहेत. त्यांच्या मुलांना उचलून नेले, ती परत आली नाहीत. नेणारे सैनिक बहुतेक बौद्ध होते. त्या बायका माझ्या हातातला पांढरा धागा पाहतात, तेव्हा मी हात पदराखाली घेते." हा परित्राणाचा धागा, भिक्खू बांधतात तो. तरुण काही बोलेना. तिने मग जुलै १९८३ च्या दंगलींचे सांगितले, मे २००९ ला संपलेल्या युद्धाचे सांगितले, चीवर घालून द्वेषाची भाषा करणाऱ्यांचेही सांगितले. विहारात एवढी शांतता मी क्वचित पाहिली आहे.

हे आपल्या वाचकांना रुचेल न रुचेल, पण सांगणे भाग आहे. 'बौद्ध राष्ट्र' या शब्दाची भुरळ आपल्यातल्या काही तरुणांना पडू लागली आहे. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा दूरचे सिंहासन चकचकीत दिसते. पण बाबासाहेबांच्या हातात लेखणी होती तेव्हा त्यांनी कोणत्याही धर्माला अग्रस्थान लिहिले नाही, आणि धम्म दिला तो त्यानंतर सात वर्षांनी, राज्यसत्तेच्या आधाराशिवाय, उघड्या मैदानात. हा क्रम अपघाताने आलेला नाही.

सांचीला जायचा हट्ट तिचा होता, आणि तो योग्य होता. अशोकपुत्र महेंद्राची आई विदिशेची, आणि श्रीलंकेला निघण्यापूर्वी तो याच टेकडीवर राहिला, असे त्यांच्या महावंसात आहे. सांची त्यांच्या लेखी माहेर आहे. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी येथे खणून काढल्या, त्या इंग्लंडला गेल्या, १९४७ मध्ये श्रीलंकेत परतल्या, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये टेकडीवरच्या चेतियगिरी विहारात ठेवल्या गेल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. आम्ही गेलो त्या दिवशी कुलूप होते. ती कुलपापुढेच अर्धा तास बसली.

भोपाळहून सांचीला नेणारा टॅक्सीवाला बोलका होता. पाहुणी श्रीलंकेची आहे हे कळल्यावर त्याने आदराने विचारपूस केली. मग आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, "मैडम तो असली बौद्ध हैं. आप लोग तो बाद में बने हुए हो ना?" हा प्रश्न मला नवीन नाही. न्यायालयात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत तो वेगवेगळ्या कपड्यांत येतो. मैत्रिणीला मी परतीच्या रेल्वेत त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा तिने जे सांगितले ते वीस वर्षांत कधी सांगितले नव्हते.

तिचे पणजोबा कागदोपत्री ख्रिस्ती होते. डच राजवटीत किनाऱ्यावर बाप्तिस्मा घेतल्याशिवाय नोंदवहीत नाव चढत नसे आणि जमिनीचा वारसा टिकत नसे, म्हणून गावेच्या गावे नावापुरती ख्रिस्ती झाली. पिढ्यांनी तीच नावे पुढे चालवली. खुद्द अनागारिक धम्मपाल जन्मले तेव्हा त्यांचे नाव डॉन डेव्हिड होते! तिचे घराणे बौद्ध म्हणून उघड जगू लागले ते पणजोबांच्या उतारवयात. "म्हणजे मी चौथ्या पिढीची आणि तू तिसऱ्या," ती म्हणाली. "असली कोण?"

आणि मग दुसरी गोष्ट. तिचे घराणे 'करावा', म्हणजे कोळ्यांचे. श्रीलंकेतला सर्वांत मोठा भिक्खुसंघ सियाम निकाय. तो अठराव्या शतकापासून केवळ 'गोविगम', म्हणजे शेतकरी वरिष्ठ जातीच्या मुलांनाच उपसंपदा देत आला. करावा, सलागम, दुराव या जातींच्या श्रामणेरांना स्वतःच्या देशात पूर्ण भिक्खू होता येईना. ते जहाजाने ब्रह्मदेशात गेले, अमरपुरा नगरीत उपसंपदा घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला परतून त्यांनी आपला वेगळा अमरपुरा निकाय काढला. आजही रविवारच्या वर्तमानपत्रातल्या विवाहविषयक जाहिरातींत 'गोवि बौद्ध', 'करावा बौद्ध' असे छापून येते. "आमच्याकडे जात नाही, असे काठमांडूला तू मला सांगितले होतेस," मी म्हटले. "तेव्हा तू नुकती भेटली होतीस," ती म्हणाली.

मला त्या डब्यात एकच गोष्ट सुचत होती. नागपुरात १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना दीक्षा दिली ती महास्थवीर चंद्रमणी यांनी. ते राहत कुशीनाऱ्यात, पण जन्माने ब्रह्मदेशाच्या आराकानचे. घरातल्या वरिष्ठांनी दार लावले म्हणून तिच्या पूर्वजांना ब्रह्मदेश गाठावा लागला, आणि आमच्या पूर्वजांना हात दिला तोही ब्रह्मदेशातून आलेल्या भिक्खूने. इतिहासाची पाठ्यपुस्तके या दोन गोष्टी शेजारी ठेवत नाहीत. मी ठेवल्या, तेव्हा तिने वही काढली आणि 'चंद्रमणी' हे नाव सातबाराच्या खाली लिहिले. २५ मे १९५० ला जागतिक बौद्ध परिषदेच्या वेळी बाबासाहेब श्रीलंकेत होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये तिथल्या अस्पृश्य समाजापुढे बोलताना त्यांनी बौद्ध धम्माचा मार्ग सुचवला, आणि तिथल्या बौद्धांना या समाजाची आईबापासारखी काळजी घ्या असेही बजावले. परिषदेचे फोटो तिने लहानपणापासून पाहिले होते. टाऊन हॉलमधले भाषण तिला माहीत नव्हते.

कामठी एका दुपारीच उरकावी लागली. ड्रॅगन पॅलेस तिला आवडले. सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ मध्ये उभे राहिलेले ते विहार स्वच्छ आहे, शांत आहे. मला तिला दाखवायची होती ती कामठीची दुसरी ओळख. 'जयभीम' हे अभिवादन रूढ केले ते इथल्या बाबू हरदास एल. एन. यांनी. १९३७ ला निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ ला, जेमतेम पस्तिशीत, गेले. चार दिवस ती येता-जाता सगळ्यांना जयभीम घालत होती. त्या शब्दामागे एक पस्तिशीतला माणूस आहे हे कळल्यावर तिने तो जरा हळू उच्चारला.

२६ नोव्हेंबरला संविधान चौकात गर्दी होती. उद्देशिकेचे वाचन झाले, मुलांच्या मिरवणुका आल्या. तिथून मी तिला न्यायालयात नेले, कारण वकिलाला देश पाहायचा तर दप्तर पाहावे. माझ्या टेबलावर त्या दिवशी एका बौद्ध जोडप्याचा संमतीने घटस्फोटाचा अर्ज होता. विवाह विहारात, भिक्खूंच्या साक्षीने, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे. अर्जाच्या माथ्यावर छापलेले: हिंदू विवाह कायदा, १९५५. तिने ती ओळ बोटाने दाखवून विचारले, चूक झाली आहे का?

चूक नाही. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने बौद्ध, जैन, शीख हे त्याच छत्राखाली आणले आहेत. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातही, मंदिरप्रवेशाच्या संदर्भात का होईना, हिंदू शब्दात बौद्धांचा समावेश आहे. मग मी तिला दुसरा कागद दाखवला, एका विद्यार्थ्याचा जातीचा दाखला. धर्म बौद्ध, आणि पुढे पूर्वाश्रमीची जात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंत मोजल्या. १९५६ ला धम्म घेतला आणि केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये आपल्यापुरत्या दिल्या, केंद्राच्या मिळायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत आपल्या किती पोरांनी शाळेच्या दाखल्यावर एक आणि मनात एक असे दोन धर्म वागवले असतील. ती म्हणाली, "आमच्याकडे जात कागदावर कुठेच नाही. म्हणून तिच्याविरुद्ध अर्जही करता येत नाही." हे वाक्य मी तेव्हापासून दोन सेमिनारमध्ये वापरले आहे, तिच्या परवानगीने.

त्या रात्री ती गयेच्या गाडीत बसली. निघताना मी तिला तीन कागद दिले: १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याची प्रत. महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर शासनाने हिंदू अध्यक्ष नेमावा, ही अट २०१३ पर्यंत कायद्यात होती. धम्मपाल १८९१ मध्ये बोधगयेला आले, महंताशी न्यायालयात लढले, १९३३ ला सारनाथला गेले, आणि प्रश्न तिथेच राहिला. १९९२ पासून भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी नागपूरच्या जनतेला घेऊन तो पुन्हा पेटवला. तिच्या जथ्यातील एकालाही हे ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते, महाविहार बौद्धांचेच असणार, आणखी कोणाचे असेल? बसमध्ये तिने तो कायदा सिंहलीत वाचून दाखवला. पुढे १२ फेब्रुवारी २०२५ ला बोधगयेत भिक्खूंचे उपोषण सुरू झाल्याची बातमी तिकडे पोहोचली, तेव्हा तिच्या गावच्या बायकांनी तिला फोन केले, की हेच ना ते तू बसमध्ये वाचलेले?

त्यातूनच पुढचे ठरले. तिच्या गावच्या बत्तीस जणींना आता नागपूर यात्रेत हवे आहे, तेही पहिल्या मुक्कामाला. २०२५ च्या हिवाळ्यात येणार होत्या, पण नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत हाहाकार केला, शेकडो माणसे गेली, आणि यात्रेसाठी साठवलेला पैसा त्यांनी डोंगराळ भागातल्या पूरग्रस्तांना पाठवला. येत्या हिवाळ्यात त्या येतील. हॉटेल नको म्हणतात. त्यांना आईसारख्या घरात राहायचे आहे, टोपल्यात कांदे ठेवणाऱ्या.

तेव्हा इंदोरा, बेझनबाग, कामठी रोड या बाजूला ज्यांच्याकडे चार रात्रींसाठी एक खोली, दोन गाद्या आणि घरात ५६ ची गोष्ट सांगणारे एखादे म्हातारे माणूस असेल, त्यांनी मला जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये दुपारी दोन ते अडीच या वेळात भेटावे. भाताची सोय करावी लागेल, भाकर त्यांना चालत नाही. आणि दीक्षाभूमीची माहिती सांगणारी चार पानी पुस्तिका सिंहलीत करायची आहे. मजकूर मी लिहिते आहे, भाषांतर तिकडून येईल, छपाईचे कोणी बघत असेल तर सांगावे. 'सातबारा' हा शब्द मात्र तसाच ठेवा, असे तिने कळवले आहे.